साप्ताहिक बुडाले ते सातव्या पानावर

प्रति,
मा. संपादक,

विषय : शहरी साप्ताहिके बंद पडण्याची खरी कारणे

महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईतली शहरी साप्ताहिके एकामागून एक का मिटली, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : लोकांचे वाचन कमी झाले. उत्तर सोयीचे आहे. दोष वाचकाच्या माथी जातो आणि हिशेबाची वही कोणालाच उघडावी लागत नाही. ती वही उघडली की वेगळे दिसते. बातम्यांची पाने तेव्हा वाचली जातच होती. आधी रिकामे झाले ते छोट्या जाहिरातींचे पान. सोळा पानी अंकात ते बहुधा सातवे असे, म्हणून या पत्रात त्याला सातवे पानच म्हणतो.

ठाण्याला साप्ताहिक हा प्रकार नवा नाही. गावात रेल्वे आली १८५३ मध्ये आणि तेरा वर्षांनी, १८६६ मध्ये काशिनाथ विष्णू फडके यांनी इथून ‘अरुणोदय’ काढले. पण आपण ज्याला शहरी साप्ताहिक म्हणतो, म्हणजे एका शहरापुरते, दैनिकाच्या कोपऱ्यात न मावणाऱ्या बातम्यांचे, ते खऱ्या अर्थाने फोफावले १९९० नंतर. ठाणे महापालिका १९८२ची. नवी मुंबई महापालिका १९९२ मध्ये कामाला लागली आणि त्याच वर्षी वाशीला लोकल पोचली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीच्या सेक्टरांमध्ये हजारो कुटुंबे राहायला आली, त्यांना शेजारीही नवा आणि रस्ताही नवा. पाळणाघर कुठे, पोळीभाजीचा डबा कोण देतो, गॅसची नोंदणी कोणत्या नोडमध्ये (म्हणजे उपनगरात), हे सांगणारे कोणी नव्हते. मुंबईच्या दैनिकांत या सगळ्या पट्ट्याला मिळून दोन कॉलम मिळत.

दुसरीकडे अंक काढणे स्वस्त झाले होते. खिळे (अक्षरांचे शिशाचे ठसे) जुळवणारे कंपोझिटर, ते खिळे ठेवायच्या गॅली आणि लाकडी केसेस यांची गरज संपली. एक संगणक, एक लेझर प्रिंटर, ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’चे फॉन्ट आणि पेजमेकर हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर एवढ्यावर पान लागू लागले. बटर पेपरवर उलटी प्रिंट काढायची आणि तीवरून थेट छपाईची प्लेट करायची, म्हणजे मधल्या निगेटिव्ह फिल्मचा खर्च वाचे. छपाईला ठाणे-बेलापूर पट्ट्यातली रोटरी यंत्रे होतीच. दैनिकांची छपाई रात्री अकरा ते तीनमध्ये आटोपे आणि दुपारी यंत्र रिकामे असे. ही रिकामी दुपार साप्ताहिकांनी स्वस्तात घेतली.

आठवड्याचे चक्र सगळीकडे जवळपास सारखेच होते. मंगळवारी संध्याकाळी सहाला छोट्या जाहिराती बंद. बुधवारी पाने लावायची. गुरुवारी दुपारी प्लेटा, चारला छपाई, रात्री गठ्ठे. शुक्रवारी पहाटे चारला स्टेशनबाहेरच्या डेपोवर अंक. शुक्रवारच का? कारण घर बघायला माणूस शनिवार-रविवारी निघतो. नाटकांच्या जाहिरातीही त्याच दोन दिवसांच्या : गडकरी रंगायतन, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह. गुरुवारी प्रेस बिघडला आणि अंक शनिवारी दुपारी आला, तर तो आठवडा बुडालाच म्हणून समजा. जाहिरातदार पैसे परत मागत आणि त्यांचे चूक नसे.

आता कागद. टॅब्लॉइडचे, म्हणजे मोठ्या दैनिकाच्या निम्म्या आकाराचे, पान साधारण ३५ बाय २७.५ सेंटीमीटर. सोळा पाने म्हणजे आठ पत्रे, म्हणजे पाऊण चौरस मीटरच्या किंचित वर कागद. ४५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्री कागदावर, एका अंकाचे वजन होते सुमारे ३५ ग्रॅम. तीन हजार प्रतींना १०४ किलो. वर खराबी. यंत्र सुरू झाल्यावर शाई-पाण्याचा मेळ बसेपर्यंत आणि चारही रंग नेमके एकावर एक बसेपर्यंत पहिल्या तीन-चारशे प्रती वाया जातात. लाखभर खपाच्या दैनिकाला हे अर्धा टक्काही नाही. तीन हजारांच्या साप्ताहिकाला दहा टक्क्यांहून जास्त. म्हणजे कागद लागला ११६ किलो. किलोला ५० रुपये धरले तर ५,८०० रुपये नुसते कागदाचे. प्लेटा, छपाई, टेम्पो वेगळे.

अंकाची किंमत तीन रुपये धरा. एक रुपया विक्रेत्याचा, हातात दोन. तीन हजारांपैकी दोन हजार विकले गेले, बाकी परतीत आले. मिळाले ४,००० रुपये. विक्रीतून कागदही सुटत नाही. आकडे उदाहरणाचे आहेत, दर त्या त्या वर्षाचे घालून बघावेत. प्रमाण फारसे हलत नाही.

हा खड्डा सातवे पान भरून काढी. पाच कॉलम, प्रत्येकी ३३ सेंटीमीटर उंच. वर शीर्षकाची पट्टी सोडून चार सेंटीमीटरच्या आठ चौकटी एका कॉलमात, पानावर चाळीस. चौकटीला दीडशे रुपये धरले तर ६,०००. कागद सुटला! आणि याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे पैसे रोख आणि आगाऊ येत. क्लास घेणाऱ्या बाई, वनबीएचके ‘हेवी डिपॉझिट’वर देणारा एजंट, पाळणाघरवाल्या काकू हे सगळे चौकट देतानाच पैसे मोजत. मोठी जाहिरात एजन्सीमार्फत येते. एजन्सी पंधरा टक्के कापून घेते आणि उरलेले दोन-तीन महिन्यांनी देते. सरकारी जाहिरातीचे बिल तर कधी निघेल हे सांगता येत नाही. कागदवाला मात्र गुरुवारी सकाळी रोख मागतो. ताळेबंदात नफा दिसत असतानाही साप्ताहिक बंद पडू शकते ते यामुळे. येणे असते, पण गुरुवारी हातात नसते.

म्हणून जाणते संपादक पहिल्या पानाच्या मथळ्याइतकेच सातव्या पानाचे प्रूफ जपत. एकाने मूळ चिठ्ठी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पानावर बोट ठेवायचे आणि फोन नंबर आकडा-आकडा करून जुळवायचा. ‘सहासष्ट’ आणि ‘सदुसष्ट’ कानाला जवळचे, म्हणून जोडीने वाचायचे नाही, ‘सहा सहा’, ‘सहा सात’ असेच वाचायचे. एक आकडा चुकला तर पुढच्या अंकात चौकट फुकट, शिवाय ज्या अनोळखी घरी दिवसभर फोन खणखणतो त्यांच्या शिव्या वेगळ्या.

ही चौकट गेली कशी? वाचकाने साप्ताहिक सोडले म्हणून नव्हे. मंगळवारी दिलेली जाहिरात शुक्रवारी दिसते. बुधवारीच घर गेले तरी फोन पुढचा आठवडाभर वाजत राहतात. घरांच्या संकेतस्थळांवर तीच जाहिरात फोटोसकट दहा मिनिटांत लागते आणि घर गेले की काढता येते. पुढे एजंटांचे व्हॉट्सअ‍ॅप गट झाले, तिथे तर दमडीही लागत नाही. एजंट हा सातव्या पानाचा सर्वांत मोठा आणि दर आठवड्याचा गिऱ्हाईक होता, तो आधी गेला. लग्नाच्या चौकटी विवाहमंडळांच्या संकेतस्थळांनी नेल्या. डबेवाल्या आणि क्लासवाल्या बाई सर्वांत शेवटी गेल्या, सोसायटीच्या गटावर.

जाहीर नोटिसांचा आधार काही वर्षे पुरला. सभासद वारला आणि नामनिर्देशन नसेल, तर गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार निदान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हक्क-हरकती मागवाव्या लागतात. सोसायट्यांच्या या दोन शहरांत हे काम बारमाही. पण नोटिशीत मुदत असते आणि ती छापल्या दिवसापासून मोजतात. शनिवारी वकिलाकडे आलेली नोटीस साप्ताहिकात सहा दिवसांनी छापून येणार. दैनिकात ती परवा येते. वकिलांनी सरळ दोन्ही नोटिसा दैनिकांना द्यायला सुरुवात केली. त्यातच मोठ्या दैनिकांनी ठाणे आणि नवी मुंबईसाठी वेगळ्या पुरवण्या काढल्या आणि मुख्य अंकासोबत पुरवणी अशा जोडदराने जाहिराती घ्यायला लागली. आपल्याही वर्तमानपत्राने यातला वाटा घेतला, हे आपणही नाकारणार नाही.

वितरणाचे दुखणे आणखी जुने. विक्रेता वीस दैनिकांच्या लाइनवर, म्हणजे घरोघरी अंक टाकायच्या रोजच्या फेरीवर, जगतो. महिन्याचे बिल फाडतो, घरटी त्याचे ठरलेले कमिशन. तीन रुपयांचे साप्ताहिक त्याला घरटी महिन्याला चार रुपये देणार आणि त्यासाठी कोणाकडे टाकायचे, कोणाकडे नाही, ही वेगळी यादी पोरांना पाठ करायला लावणार. तो म्हणतो, ‘स्टॉलवर ठेवतो, गेले तर गेले.’ गिऱ्हाईकाच्या बाजूने रद्दीचा हिशेब पाहा. सोळा पानी मोठ्या आकाराचे दैनिक महिन्याला दोन किलोंहून थोडी जास्त रद्दी देते. हे साप्ताहिक वर्षभर घेतले तरी रद्दी पावणेदोन-दोन किलोंच्या मध्येच. दैनिकाची किंमत थोडीफार रद्दीतून परत येते, साप्ताहिकाची येत नाही. गृहिणीला हे कोणी शिकवावे लागत नाही.

फुकट वाटण्याचाही प्रयोग झाला. तीन मजली, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत तो चालला. पोरगा जिने चढून दारात अंक टाकी. घोडबंदर रोडच्या संकुलांत गठ्ठा फाटकावरच थांबतो. वॉचमन तो टेबलाखाली सरकवतो आणि आठवड्याने त्यावर डबा ठेवून जेवतो. जाहिरातदार एकदा फाटकावरून चक्कर मारून गेला की पुढच्या वेळी दर पाडून मागतो.

टपालाची वाट मात्र बरी होती. नोंदणीकृत वर्तमानपत्राला ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे, त्यापुढे १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे असा दर होता. अटी दोन महत्त्वाच्या : वर्गणीदारांची खरी यादी, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या कार्यालयातच टपाल टाकणे. सोळा पाने आरामात बसत. दिवाळीला चोवीस पाने केली की ४५ जीएसएमवर अंक ५२ ग्रॅम होतो आणि टपालखर्च एकदम दुप्पट. तेव्हा ४२ जीएसएमचे रीळ मागवायचे, मग तो साडेअठ्ठेचाळीसवर येतो. पत्त्याची पट्टी लावूनही काठावर सुटतो. पण रीळ पावसाळ्यापासून उघड्यावर पडले असेल तर न्यूजप्रिंट दमट हवा पिते आणि टपालखिडकीवरच्या वजनकाट्याला ते कळते. छापण्याआधी चोवीस कोरी पाने वजन करून बघणे हा पाच मिनिटांचा उपाय, आणि तोच नेमका राहून जाई.

सातवे पान ओसाड पडल्यावर पहिल्या पानाची पाळी आली. पैसे येऊ शकतील अशी दोनच दारे उरली, बांधकाम व्यावसायिक आणि नेत्यांचे वाढदिवस. शुभेच्छांचे पान रंगीतच लागते. रंग म्हणजे काळ्याखेरीज त्या पानाच्या आणखी तीन प्लेटा. त्यांचे पैसे प्रेसला लगेच द्यायचे, आणि वसुलीला मात्र कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायच्या, ‘भाऊ मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकत. ज्याच्या मोठ्या फोटोखाली अठरा छोटे फोटो छापले, त्याच्या प्रभागातल्या नालेसफाईवर पुढच्या अंकात लिहिणार कोण? वाचक इथे दूर गेला, आणि तो योग्यच गेला. वाचन कमी झाल्याचे खापर त्याच्यावर फोडणाऱ्यांनी ती शुभेच्छांची पाने एकदा चाळावीत.

चांगल्या साप्ताहिकाचे खरे काम काय होते तेही सांगायला हवे, नाहीतर हे सगळे कागदाच्या भावावर संपेल. महासभेची विषयपत्रिका आणि गोषवारे (प्रत्येक प्रस्तावाची प्रशासनाची टिपणे) आधी मिळवायचे, वाचायचे आणि ‘ऐनवेळचे विषय’, म्हणजे पत्रिकेत नसताना सभेतच मांडलेले, सभेनंतर शोधून काढायचे. वादग्रस्त प्रस्ताव बहुधा तिथेच असत. अर्थसंकल्पात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असे आकडे शेजारी शेजारी असतात. दैनिकाचा बातमीदार त्याच संध्याकाळी मूळ अंदाजाची बातमी देतो. साप्ताहिकाला तीन दिवस जास्त मिळतात, म्हणून ते प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचू शकते : तलाव सुशोभीकरणाला मागच्या वर्षी किती ठेवले होते आणि खर्चले किती. २००५ मध्ये माहिती अधिकार आला तेव्हा हे काम आणखी सोपे झाले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, तीस दिवसांत उत्तर. न आल्यास पहिले अपील. दैनिकाला तीस दिवस फार वाटतात, साप्ताहिकाला ते चार अंक.

बातम्यांचा हा झराही नंतर आटला. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. दोन्हीकडे पुढची काही वर्षे प्रशासक. नगरसेवक नाहीत तर महासभा नाही, आणि महासभा नाही तर गोषवाऱ्यांवरची जाहीर चर्चाही नाही. त्याआधी मार्च २०२०ची टाळेबंदी आणि एप्रिलमध्ये घरोघरी वर्तमानपत्रे टाकण्यावर आलेली बंदी. सोसायट्यांनी बंद केलेले फाटक साप्ताहिकासाठी पुन्हा उघडलेच नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर न्यूजप्रिंटचे भाव भडकले. पण हे सगळे आधीच अंथरूण धरलेल्याला आलेले ताप होते.

मराठी माणूस वाचत नाही म्हणून हे झाले, असे म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’चे बघावे. १९५५ मध्ये सुरू झालेले हे साप्ताहिक, पत्रकारितेचे तीन पुलित्झर पुरस्कार मिळवलेले. त्याचाही मोठा आधार भाड्याच्या घरांच्या आणि इतर छोट्या जाहिराती हाच होता. १९९६ मध्ये अंक फुकट केला. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळाने शहरामागून शहरात तशाच जाहिराती फुकट घ्यायला सुरुवात केली. ‘व्हॉइस’ची छपाई २०१७ मध्ये थांबली, पुढच्या वर्षी संपादकीय कामही. ‘बॉस्टन फिनिक्स’ हे तसेच शहरी साप्ताहिक तर २०१३ मध्येच बंद पडले होते. तिथेही आजार सातव्या पानापासूनच वर चढला.

कोणाला आज नवे साप्ताहिक काढायचे असेल तर परवानगी ही अडचण राहिलेली नाही. १८६७च्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे घोषणापत्र, मग दिल्लीची नोंदणी, आणि घोषणापत्रापासून सहा आठवड्यांत पहिला अंक अशी कसरत असे. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, शीर्षक आणि नोंदणी यांचा एकच ऑनलाइन अर्ज. अडचण चाळीस चौकटींना पर्याय शोधण्याची आहे. वार्षिक वर्गणी आगाऊ घेणे हाच एक रोख मार्ग दिसतो. पण त्यात वर्गणीदार टपालाचे असावेत, विक्रेत्याचे नकोत. आणि सुरुवात आठ पानांनी करावी. सोळाचा हट्ट बहुतेकांना नडला.

शेवटी एक तातडीची गोष्ट, जिच्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. बंद पडलेल्या साप्ताहिकांच्या फायली कुठे आहेत? १९५४च्या ग्रंथ-प्रदान कायद्यात १९५६ पासून वर्तमानपत्रेही आली आणि प्रत्येक अंक ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक झाले. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकीच. नियमाने पाठवणारे थोडेच होते. उरलेल्या फायली माळ्यावर किंवा गाळ्याच्या पोटमाळ्यावर आहेत. खाडीची दमट हवा आहे, न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन (कागद पिवळा आणि ठिसूळ करणारा लाकडातला घटक) आहे, कडा तांबूस होऊन आता तुटू लागल्या असतील. वर्षाचे बावन्न अंक एकावर एक ठेवले तर थर होतो जेमतेम तीन सेंटीमीटरचा. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या १८९३ पासून चालत आलेल्या संस्थेला इतकी जागा जड नाही. मालकांनी आधी विचारावे आणि द्यावे.

देताना एवढे पाळावे. फायली उभ्या ठेवू नयेत, आडव्या ठेवाव्यात. गंजलेल्या पिना सपाट पट्टीने उचलून काढाव्यात, ओढू नयेत. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत कागद खातो. लॅमिनेशन तर नकोच. स्कॅन करायचे असेल तर ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) खाली नको, नाहीतर सातव्या पानावरचे बारीक टाइप वाचता येत नाहीत, आणि शहराचा भाडेइतिहास नेमका तिथे आहे.

संगणकातल्या जुन्या फायली जपल्या असतील तर अधिक सावध राहावे. त्या युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी आजची प्रमाण अक्षरसंहिता येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरचिन्हांची खिचडी दिसते. मजकुराच्या फायलीसोबत त्याच आवृत्तीचा फॉन्टही द्यावा, आणि उघडणारे यंत्र अजून चालू असेल तर फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आजच काढून घ्यावी. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर पहिली वेलांटी आणि रफार हमखास घसरतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई आणि रफार नंतर. ‘निर्णय’, ‘वर्गणी’, ‘निर्मिती’ हे तीन शब्द आधी शोधून बघावेत; ते सरळ आले असतील तर पुढचा मजकूर बहुधा ठीक असतो.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील साप्ताहिकांच्या मांडणी, छपाई आणि वितरणाशी संबंधित काही वाचक